सव्वा मूठ गहू

जळगावला येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि मी देवीला पाट्यावर वाटून आमटीत घातलं. निदान अक्कांचं म्हणणं तसं होतं. मी आपली उंबऱ्याशी बसून नारळ खवत होते. आम्ही वेंगुर्ल्याकडचे, नारळावाचून आमचं पान हलत नाही. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. खवणीकडे बघितलं, ताटलीतल्या खोबऱ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाल्या, "ओ माय वं! देवीले वाटी खातस का तुम्ही?"

मी घाबरून खवणी बाजूला सारली. त्यांनी माझा हात धरला आणि मला ओढत त्यांच्या भागात नेलं. तिथे कोनाड्यात, लाल कापडावर, एक नारळ बसलेला होता. त्याला चांदीचे डोळे होते, नथ होती, कपाळभर कुंकू होतं. ही त्यांची कानबाई. खानदेशात घरोघरी असते, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला वाजतगाजत बसवतात, हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की या घरात नारळ फोडायचा तर दार लावून फोडायचा.

अक्का आमच्या घरमालकीण. जुन्या जळगावात त्यांचं बैठं घर होतं, एका बाजूला त्या एकट्या, दुसऱ्या बाजूच्या दोन खोल्यांत आम्ही. आमच्या ह्यांना पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली होती. सुमी, आमची मुलगी, तेव्हा जेमतेम पावलं टाकायला लागली होती. गॅसला नंबर लावून वर्षभर वाट बघायची आणि फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचे पाय धरायचे, असे ते दिवस.

घर बघायला गेलो तेव्हा अक्कांनी ना नोकरी विचारली, ना पगार. खाटेवर बसल्या बसल्या एकच प्रश्न टाकला. "तुमनं आठे कोन शे?"

हे ओशाळून म्हणाले, "इथे तसं कोणीच नाही हो. नातेवाईक सगळे तिकडे कोकणात."

ओळखदेख नाही म्हणजे घर गेलं, असंच आम्ही धरलं होतं. अक्कांचा चेहरा मात्र उजळला. "कोनीच नही? मंग घर तुमनं."

त्यांचा तो नियमच होता. ज्याला गावात सोयरेधायरे आहेत त्याला त्या घर देत नसत. आमच्या आधी जामनेरकडचं एक जोडपं आलं होतं, सालस, नवराबायको दोघंही शिक्षक. पण जळगावात त्यांच्या तीन मावश्या निघाल्या. अक्कांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. पहिल्यापहिल्यांदा मला वाटायचं, बाईला पाहुण्यारावळ्यांचा वीट असेल. पण मग फाटकाला कडी का लावू देत नव्हत्या? दिवसभर फाटक सताड उघडं. गावातल्या बकऱ्या निवांत आत येत आणि मी कोकणातून जपून आणलेली अबोलीची रोपं खाऊन जात. मी एकदा कडी घातली तर अक्का तरातरा उठल्या आणि काढून आल्या. "कोनी उनं ते?" म्हणाल्या. कोणी आलं तर! आम्ही तिथे होतो तोवर बकऱ्यांखेरीज फारसं कोणी आलं नाही.

पहिला उन्हाळा आठवला की अजून घसा कोरडा पडतो. कोकणातलं ऊन घाम काढतं, जळगावचं ऊन माणसालाच काढतं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. हे पहाटेच कारखान्यात जात, खिशात अक्कांनी दिलेला कांदा ठेवून, कारण कांदा खिशात असला की ऊन बाधत नाही यावर त्यांचा पक्का विश्वास होता. मी आणि सुमी चार भिंतींत. बोलायला माणूस नाही. मला तिथली भाषा कळत नव्हती आणि माझं हेल काढून बोलणं ऐकून भाजीवाली हसत होती. आई आठवायची, सासूसुद्धा आठवायची, आणि सासू आठवावी म्हणजे माणसाची काय अवस्था असेल ते समजून घ्या.

एका दुपारी सुमीचं अंग तापलं आणि ती मान टाकायला लागली. मी तिला मांडीवर घेऊन नुसती रडत बसले. अक्का आत आल्या, पोर माझ्याकडून काढून घेतली, ओल्या लुगड्यात गुंडाळली आणि माझ्यावर खेकसल्या, "आठे रडीसन काय व्हई? चप्पल घाल. डॉक्टरकडे चाल." भर उन्हात त्या पुढे आणि मी मागे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही बाळाच्या आजी का? अक्कांनी सुमीचं अंग पुन्हा चाचपून बघितलं. पण परत येताना दोनतीनदा त्यांनी आपणहून तो विषय काढला. "डॉक्टर बी येडाच शे. आजी म्हने!"

सुमी बरी झाली आणि त्या दिवसापासून मी जळगावात थोडी टेकले. अक्कांनी मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला शिकवली, वांगं भाजायला शिकवलं, भरिताला हिरवी मिरचीच का लागते यावर व्याख्यान दिलं. बोलणं कायम तिरकं. माझी भाकरी फुगली नाही की म्हणत, "कोकनमा बठ्ठा समुद्रमाच भिजाडीसन खातस का?" माझा भाऊ चार दिवस राहायला आला तेव्हा मात्र अक्कांनी आमच्याकडे पाठ फिरवली. समोरून गेलो तरी बघेनात. तो गेला त्याच संध्याकाळी भरिताची वाटी घेऊन दारात हजर. "गया का?" इतकंच विचारलं, आणि मग सुमीला कडेवर घेऊन अंगणात फिरवत राहिल्या.

त्यांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली. यजमान डाळ मिलमध्ये फिटर. मूलबाळ नाही. सासर धुळ्याच्या पलीकडचं, तिथे दोन दीर, त्यांचा मोठा बारदाना. यजमान थोरले, म्हणून कानबाई अक्कांकडे. दर श्रावणात सगळे भाऊबंद गाड्या भरभरून जळगावला यायचे. यजमान गेले आणि दिरांनी सांगितलं, एकट्या कशाला राहता, गावी या, आमचा एक मुलगा दत्तक घ्या. अक्का म्हणाल्या, मी माझ्या घरात राहीन. तेवढ्यावरून फाटलं. दिरांनी गावी आपली वेगळी कानबाई बसवली आणि जळगावची वाट सोडली.

आता रोटांचं सांगायला हवं, नाहीतर अक्का कळायच्या नाहीत. कानबाईच्या पूजेसाठी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. सगळे गहू एकत्र दळून त्याचे जाड पोळीसारखे रोट करतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. शिवाय श्रावणी पौर्णिमेच्या आत ते संपवायचे. उरले तर खड्डा करून पुरायचे, आणि पुरणं म्हणजे घराण्याला लांच्छन.

भाऊबंद येईनासे झाले तरी अक्का दरवर्षी सगळ्यांच्या नावाने गहू काढत होत्या. दीर, पुतणे, पुतण्यांची पोरं, कोणाला नवा मुलगा झाला अशी उडती बातमी बसस्टँडवर लागली तर त्याचीही मूठ. मग पौर्णिमेपर्यंत एकट्या बसून ते डोंगराएवढे रोट खायच्या. दुधात भिजवून, वरणात कुस्करून, नुसते. दरवर्षी आजारी पडायच्या. "औंदा नही ते पुढला साल येतीन," हे ठरलेलं.

आमच्या पहिल्या श्रावणात त्यांनी बजावलं, दोन दिवस माझ्या भागात यायचं नाही. आम्हाला फार लागलं. आमच्याकडे देवाचा प्रसाद वाटेवरच्या परक्यालाही हाक मारून देतात, आणि इथे भिंतीपलीकडच्या माणसाला दार बंद. हे तर म्हणाले, दुसरी जागा बघू. सोमवारी अक्का मेहरूण तलावावर जाऊन कानबाईला स्नान घालून आल्या आणि एकट्याच जेवायला बसल्या. मी कपडे वाळत घालत होते. सुमी कधी सुटली आणि डुगडुगत पलीकडे गेली ते मला कळलंच नाही. अक्कांची किंकाळी ऐकून धावले तर अक्का सुमीच्या तोंडात बोट घालून रोटाचा तुकडा बाहेर काढायला बघत होत्या. पण पोरीने गिळला होता. वर हात पुढे करून आणखी मागत होती.

मी तिला उचलून घरी आणलं. मला वाटलं, आता आमची वळकटी बांधायची वेळ आली. अक्का दिवस मावळेपर्यंत कोनाड्यासमोर बसून होत्या, हललेल्या नव्हत्या. मग उठून आमच्या दारात आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट जरा बावचळल्यासारख्या दिसत होत्या.

"मी देवीले ईचारं," त्या म्हणाल्या. "देवी काहीच बोलनी नही. म्हंजे तिले चाली गयं." सुमीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आते हाई पोर मन्हा घरनी. रोज धाडत जाय. रोट खाई ती."

नारळ बोलला नाही म्हणून त्याची संमती धरायची! हे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. पौर्णिमेपर्यंत सुमी रोज पलीकडे जाऊन जेवली आणि त्या वर्षी अक्का आजारी पडल्या नाहीत.

पुढचं वर्ष आमचं खरंच सुखात गेलं. सुमी बोलायला लागली ती आमची मालवणी आणि अक्कांची अहिराणी यांची खिचडी करून. दिवसभर पलीकडेच. कानबाईच्या नारळाला ती "अक्काची ताई" म्हणायची. सणावाराला घर आठवून मी रडत नव्हते. आपलं कोणी नाही, ही रुखरुख हळूहळू विरत गेली, आणि मला वाटतं अक्कांचीही विरत चालली होती.

आणि नेमके त्या वर्षीच्या श्रावणात त्यांचे भाऊबंद आले.

धाकट्या दिरांचा मुलगा वर्षभर अंथरुणाला खिळला होता. कोणीतरी सांगितलं, थोरल्या घरची कानबाई रुसलीय, तिचे रोट खाल्ल्याशिवाय गुण यायचा नाही. म्हणून गहू काढायच्या दिवशी दोन्ही दीर, जावा, पुतणे, झाडून सगळे एका टेम्पोतून दारात उतरले. अक्कांना काय करू नि काय नको झालं. धावत जाऊन त्यांनी फाटक धरलं, ते उघडंच होतं तरी. जावांच्या गळ्यात पडून रडल्या. आजारी पुतण्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी इतकी आनंदी अक्का कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला थोडा मत्सर वाटला.

आम्हाला त्यांनी हाक मारून ओसरीत बसवलं. मधे सूप, सुपात रिकामं पितळी पातेलं, शेजारी गव्हाचं पोतं. सगळे गोल बसले. अक्का एकेक नाव घेऊन सव्वा मूठ गहू पातेल्यात घालू लागल्या. थोरल्या दिरांचं नाव, धाकट्यांचं, मग पुतण्यांची, मग त्यांच्या मुलांची. मंडळी कौतुकाने बघत होती. इतकी वर्षं न भेटलेल्या पोरांचीसुद्धा नावं या बाईला पाठ! शेवटी अक्कांनी पुन्हा मूठ भरली आणि त्याच सुरात म्हणाल्या, "सुमी."

गहू पातेल्यात पडले.

"वैनी, हाई नाव कोनं?" थोरल्या दिरांनी विचारलं.

"मन्ही नात शे ती."

"तुमले पोऱ्या नही, पोर नही, मंग नात कथाईन उनी?" दीर हसले, पण कोणी त्यांच्याबरोबर हसलं नाही. मग त्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं. भाडेकरू, कुठल्या कोकणातले, जातीपातीचा पत्ता नाही, आणि वर मुलगी. "काढी टाका ती मूठ," ते शांतपणे म्हणाले.

अक्कांनी पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. "कोन्ता दाना तिना शे, दखाड. दखाड, मी काढी देस."

दीर पातेल्यात बघत राहिले. गहू तो गहू, त्यात कोण कुणाचा सांगणार. ह्यांना राहवेना. ते भल्यासाठीच म्हणाले, "अक्का, आम्ही काही मनाला लावून घेणार नाही. ते गहू बाजूला ठेवा, नवे काढा. इतक्या वर्षांनी तुमची माणसं आलीत."

"तू गप बठ," अक्का म्हणाल्या.

धाकटी जाऊ अक्कांचे पाय धरून रडू लागली. माझ्या मुलासाठी तरी काढा म्हणाली. अक्कांनी तिचं डोकं कुरवाळलं, तिचे डोळे पुसले, पण पातेल्याला हात लावला नाही. देवीने जिला घरात घेतलं तिला मी कशी बाहेर काढू, एवढंच त्या परत परत सांगत होत्या. शेवटी थोरले दीर उठले. "आम्हले हाऊ रोट चालाव नही." सगळे उठले. आजारी मुलाला दोघांनी धरून टेम्पोत बसवलं. अक्का फाटकापर्यंत गेल्या आणि टेम्पो दिसेनासा झाल्यावर परत येऊन पातेल्याशी बसल्या. गहू निवडायचे राहिले होते ते निवडायला लागल्या.

सगळ्यांच्या नावाचं ते दळण त्यांनी कानबाईसाठी मुद्दाम धुतलेल्या चक्कीवरून आणलं, सगळ्याचे रोट केले. त्या वर्षी, रोट पुरायची वेळ येऊ नये म्हणून, त्यांनी आम्हालाही बसवलं. विचारलं नाही, पानं वाढली. पौर्णिमेपर्यंत आम्ही चौघं ते खात होतो. रोज कडक होत जाणारे, रोज तोंडात फिरणारे. हे कारखान्यातून आल्यावर मुकाट्याने पाटावर बसायचे. घास गिळताना मला त्या आजारी मुलाचा चेहरा दिसायचा.

वाटलं होतं, एवढं झाल्यावर अक्का आमच्या आणखी जवळ येतील. झालं उलटंच. त्या सुमीला आधीसारखंच जपत, पण आमच्याशी त्यांचं बोलणं तुटक झालं. माझ्या हातून भांडं पडलं तरी तोंड फिरवत. संध्याकाळी खाटेवर बसून रस्त्याकडे बघत राहत आणि मी चहा नेला तर थंड होईपर्यंत हात लावत नसत. आमच्यापायी काय घालवलं याचा हिशेब त्या कधी बोलून दाखवत नव्हत्या, पण तो त्यांच्या मनातून जातही नव्हता. मला त्यांचा राग यायचा. मग माझाच मला यायचा. आम्ही काही मागितलं नव्हतं, आणि आता परतही करता येत नव्हतं. दिवाळीनंतर बातमी आली, तो मुलगा गेला. अक्कांनी स्नान केलं आणि दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही.

त्या हिवाळ्यात ह्यांची बदली धुळ्याला झाली. सांगायला गेलो तर अक्का म्हणाल्या, "जा. पोटनं पहावा लागस." सामान निघालं तेव्हा बाहेर आल्या नाहीत. सुमी टेम्पोत हाका मारून मारून रडली आणि पारोळ्याच्या आसपास झोपली. पुढे आठवडाभर ती उठली की अक्का कुठे म्हणून विचारायची. मग शेजारच्या मुली भेटल्या, बालवाडी सुरू झाली. मुलांचं असंच असतं, आणि आपण त्यात सुटकेचा श्वास टाकतो.

श्रावणात आम्ही जळगावला गेलो. ह्यांनी मुद्दाम सोमवारची रजा काढली होती. अक्का खूप वाळल्या होत्या. लुगड्याच्या आत माणूस आहे की नाही असं वाटावं. आम्हाला बघून त्या आत गेल्या आणि पान घेऊन आल्या. पानावर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर, आणि एक रोट. एकच.

"बाकीचे रोट?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाकीना कोन?" अक्का म्हणाल्या. त्या वर्षी त्यांनी एकच मूठ काढली होती.

त्यांनी रोटाचा तुकडा खिरीत बुडवला आणि सुमीपुढे धरला. सुमी माझ्या मागे दडली. पदराआडून तिने अक्कांकडे बघितलं आणि मला विचारलं, "आई, ही आजी कोण?"

हे गडबडीने हसले. "अगं, अक्का ना! विसरलीस? खा बघू, अक्काने तुझ्यासाठी केलाय." त्यांनी तिला ओढून पुढे केलं तशी ती ओठ घट्ट मिटून मान फिरवायला लागली, आणि मग मोठ्याने रडायला. घरी जाऊ म्हणाली. ह्यांनी ओरडून तिच्यावर हात उगारला. अक्कांचा हात तसाच पुढे होता, खीर मनगटावरून ओघळत होती.

"राहू दे," त्या ह्यांना म्हणाल्या. "नको मारू पोरले."

मला ते बघवेना. मी पानाकडे हात नेला. "अक्का, मी खाते."

"तुन्ही मूठ मी काढेल नही," अक्का म्हणाल्या. रागाने नाही, सरळ. त्यांनी तुकडा परत रोटाला लावून ठेवला, पानावर दुसरं पान झाकलं आणि पाटाशीच मांडी घालून बसल्या. "पुनव आजून लांब शे. भूक लागनी म्हंजे खाई ती."

आम्हाला पाचची धुळ्याची गाडी गाठायची होती.